आधी लेंड्या बघा, मग मूड

या महिन्यात पाच पत्रं घेतलीत आणि पाचही सशांची आहेत. कुत्रा-मांजरवाल्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या वेळी. झालंय असं की पाचातल्या चौघांनी आपल्या सशाला 'मूडी' म्हटलंय, आणि चौघांच्या घरात चार वेगळ्याच गोष्टी चालल्यात. एकाकडे तर मूडबिड काही नव्हताच, पोट दुखत होतं बिचाऱ्याचं. म्हणून म्हटलं सगळी एकत्रच घेऊया.

प्रश्न : ताई, आमची ठमी आठ आठवड्यांची असताना घरी आली. तेव्हा इतकी गुणी होती की विचारू नका, मांडीवर घेतली की तासभर हलायची नाही. आता साडेचार महिन्यांची झालीये आणि गेले तीन आठवडे हिला काय झालंय तेच कळत नाही. पेलेट्सची (तयार खाद्याच्या गोळ्यांची) वाटी ठेवायला पिंजऱ्यात हात घातला की घुर्र करून अंगावर येते, परवा मनगटावर चांगला ओरखडा काढला. लिटर ट्रे शिकलेली होती, आता सोफ्यावर चढून शू करते, तेही माझ्याकडे बघत. आणि संध्याकाळी मोकळी सोडली की हीच बया माझ्या पायाभोवती गोल गोल फिरते, घूं घूं करत. म्हणजे सकाळी वैरीण, संध्याकाळी मैत्रीण. खाणंपिणं एकदम व्यवस्थित आहे. घरचे म्हणतात तूच लाडावून ठेवलीस. मला वाटतं ती माझा रागराग करते. माझं काय चुकलं?

उत्तर : काही चुकलं नाही गं. आणि ते 'माझ्याकडे बघत' शू करण्याचं आधी सांगते, कारण हे वाक्य मी आजवर इतक्या जणींकडून ऐकलंय. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं एकाच वेळी दिसतं, त्यामुळे तो काहीही करत असला तरी तुझ्याकडे बघतच करतोय असं वाटणार. त्यात सूड वगैरे नाही.

आता वय बघ. साडेचार महिने. लहान चणीचे ससे साडेतीन-चार महिन्यांत वयात येतात, मोठ्या जातींचे जरा उशिरा, सहा महिने किंवा त्याच्याही पुढे. म्हणजे तुझ्या घरात सध्या एक टीनएजर मुलगी आहे, जिला खोलीत न विचारता कुणी शिरलेलं चालत नाही, आणि तू रोज सकाळी न विचारता खोलीत शिरतेस, वर हात घालून तिचं सामान हलवतेस. पाळीव ससे ज्या जंगली सशांपासून आले ते जमिनीखाली बिळं करून टोळीने राहतात, आणि त्यात बीळ खणायचं, पिल्लांची जागा राखायची हे काम मुख्यतः माद्यांचं. ठमीने आयुष्यात बीळ बघितलेलं नाही पण तिच्या अंगातल्या हॉर्मोन्सना ते कोण सांगणार. तिच्या लेखी पिंजरा हेच बीळ. म्हणून पिंजऱ्यात असली की अंगावर येते आणि बाहेर आली की लाडात येते. वैरीण-मैत्रीण हा फरक सकाळ-संध्याकाळचा नाहीये, आतला आणि बाहेरचा आहे. उद्या तिला बाहेर सोडून मग वाटी ठेवून बघ, ढुंकून बघणार नाही.

दुसरी गोष्ट हाताची. सशाला सगळीकडचं दिसतं म्हटलं खरं पण नेमकं नाकासमोर आणि हनुवटीखाली त्याला दिसत नाही. आपण काय करतो, कुत्र्याला देतो तसा हात नाकासमोर नेतो. तिला काहीतरी आलं एवढंच कळतं, काय ते दिसत नाही. वरून झडप घातल्यासारखा गेला तर अजून वाईट, कारण सशाच्या जातीवर हजारो वर्षं वरून जे आलंय ते ससाणा, घार असलंच आलंय.

अंगावर येण्याआधी ती सांगते बरं का, फक्त आपलं लक्ष वाटीकडे असतं. एकदा नीट बघ. आधी नाक हलायचं थांबतं. मग कान मागे जाऊन मानेला चिकटतात, एकदम सपाट, विश्रांतीत असताना सैल पडतात तसे नाही. शेपूट वर ताठ होते, अंग जमिनीलगत लांब होतं, आणि मग तो छोटासा घुर्र आणि पुढचे दोन पाय एकदम मारणं, पाठोपाठ. हे सगळं दीड-दोन सेकंदांत होतं. कान चिकटले की हात आहे तिथेच ठेवायचा, पुढेही नाही आणि झटकन मागेही नाही, कारण दर वेळी झटकन मागे घेतलास तर 'अंगावर गेलं की हात पळतो' हा धडा ती दोन दिवसांत शिकते. हळूच बाजूने आणून कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधल्या भागावर हात टेकव आणि तिथेच राहू दे. चांगला पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल तोपर्यंत. ओरडणं, नाकावर टिचकी, पाणी उडवणं यातलं काहीही करायचं नाही, ससा शिक्षेतून फक्त एवढंच शिकतो की हे माणूस धोक्याचं आहे.

साफसफाई ती बाहेर असतानाच. ट्रेमधल्या सगळ्या लेंड्या काढू नकोस, चार-पाच ठेव, वास राहिला की तिला तिची जागा सापडते. पिंजरा पार धुऊन चकाचक केलास तर तिला पुन्हा सगळीकडे नाव टाकत फिरावं लागतं, कारण शू आणि विखुरलेल्या लेंड्या म्हणजे सशाची सही असते. हनुवटी घासत फिरते ना टेबलाच्या पायावर, चपलेवर? तीही सहीच, हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात, आपल्याला वास येत नाही एवढंच. सोफा सध्या झाकून टाक किंवा तिकडे जाऊच देऊ नकोस, काही आठवड्यांचा प्रश्न आहे. आणि खणायला एक मोठं कार्डबोर्डचं खोकं दे, आत कागदाच्या पट्ट्या आणि सुकं गवत कोंबून. खणायची हौस कुठेतरी भागली पाहिजे, नाहीतर गादी आहेच.

पायाभोवती फिरणं, घूं घूं करणं हे सरळ सरळ प्रेमप्रकरण आहे. तुझ्याशी. घरात दुसरा ससा नाही मग काय करणार.

उपाय म्हणशील तर ऑपरेशन, मादीचं स्पे, म्हणजे नसबंदी. साधारण पाच-सहा महिन्यांच्या आसपास करतात. हे मी नुसतं स्वभाव सुधारावा म्हणून सांगत नाहीये, ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणात होतो, आणि त्याची लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ऑपरेशननंतर हॉर्मोन्स उतरायला काही आठवडे जातात, कधी दोन महिनेसुद्धा, तेव्हा तिसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून मला पत्र लिहू नकोस. डॉक्टर मात्र सशांची ऑपरेशनं नेहमी करणारा शोध. ओळखायची एक सोपी युक्ती देते, फोन करून विचार की आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का. कुत्र्या-मांजरांना ठेवतात कारण बेशुद्धीत उलटी व्हायची भीती असते, पण सशाला उलटी होतच नाही आणि त्याचं पोट रिकामं राहून चालत नाही. 'हो, बारा तास काही देऊ नका' असं उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेव.

आणि एक, हे ऐकायला आवडणार नाही पण सांगते. ते मांडीवर तासभर न हलता बसणं. आठ आठवड्यांचं पिल्लू, नवीन घर, उचलून धरलंय, पळता येत नाही, अशा वेळी ते गप्प बसतं ते बहुतेकदा घाबरून थिजल्यामुळे. उताणं केल्यावर ससा 'झोपतो' म्हणून व्हिडिओ टाकतात ना लोक, तेही तेच, ती भीतीने आलेली मूर्च्छा असते, समाधी नव्हे. तुझी ठमी तेव्हा गुणी होती आणि आता बिघडली असं नाहीये, तेव्हा तिला 'नको' म्हणायची हिंमत नव्हती, आता आलीये. जमिनीवर बसत जा तिच्याजवळ. ती येईल तेव्हा येईल.

प्रश्न : माझा ससा सात महिन्यांचा आहे, न्यूटर (नसबंदी) केलेला. काल रात्री त्याची नखं कापली, तेव्हा खूप धडपडला. आज सकाळपासून एकदम रुसून बसलाय. कोपऱ्यात अंग चोरून बसतो, डोळे अर्धवट मिटलेले, कोथिंबीर हा त्याचा जीव की प्राण, तीसुद्धा हुंगून सोडून दिली. मुलगी म्हणते बाबा तो तुमच्यावर चिडलाय. सशांचा रुसवा साधारण किती दिवस टिकतो?

उत्तर : यांना मी पत्र वाचल्या वाचल्या फोन केला, ससा आता बरा आहे, उत्तर इथे देतेय ते बाकीच्यांसाठी.

ससा रुसतो. पण रुसलेला ससा खातो! तुमच्याकडे पाठ करेल, हात लावू देणार नाही, आणि तुम्ही खोलीबाहेर गेलात की कोथिंबिरीची काडीसुद्धा शिल्लक ठेवणार नाही. ज्याने आवडतं खाणं सोडलं तो रुसलेला नाही, त्याला दुखतंय. नखं कापल्याचा योगायोग झाला किंवा त्या धसक्यानेच पोट मंदावलं, ताणाने असं होऊ शकतं, पण कारण काही असलं तरी पुढचं तेच.

सशाचं पोट म्हणजे सतत चालू ठेवायची गिरणी. गवत आत, लेंड्या बाहेर, चोवीस तास. ही गिरणी थांबली की आतलं आंबतं, गॅस धरतो, गॅसमुळे दुखतं, दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून गिरणी अजून थांबते. दहा-बारा तास खाणं नाही किंवा लेंड्या नाहीत म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही. सशाच्या बाबतीत 'बघू सकाळपर्यंत' याने फार जीव गेलेत. घरातल्या माणसांच्या पेनकिलर देऊ नका, पोट टम्म फुगलेलं लागत असेल तर जबरदस्तीने भरवू नका. कान गार लागले तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि निघा.

दुखणारा ससा कसा दिसतो? यांनी लिहिलंय तसाच. अंगाचा गोळा, डोळे अर्धे मिटलेले, कधी पोट जमिनीला दाबून लांब होतो, पुन्हा उठतो, पुन्हा दाबतो, कुठेच चैन नाही. आणि दात वाजवतो. आता दात वाजवण्याचे दोन प्रकार आहेत आणि इथे लोक हमखास फसतात. कपाळ चोळताना अगदी बारीक, भराभर असा कटकट आवाज येतो, तो बोटांना कानापेक्षा जास्त कळतो, मिश्या थरथरतात, तो सुखाचा. आणि दुसरा सावकाश, जोरात, करकर ऐकू येणारा, एकटाच बसलेला असताना. तो वेदनेचा.

मी स्वतः यात सपशेल फसलेय म्हणून इतकं ठासून लिहितेय. माझी दुसरी मादी, चांगली दीड वर्षाची, एक दिवस गवत खाईना, पेलेट तोंडात घेऊन टाकून द्यायची. मी म्हटलं नखरे. पेलेट्सचा ब्रँड बदलला होता ना, म्हणून नाक मुरडतेय. दोन दिवस मी तिच्या नखऱ्यांच्या गोष्टी सगळ्यांना हसत हसत सांगितल्या. तिसऱ्या दिवशी हनुवटी ओली दिसली, तेव्हा धावले. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि हिची मागची दाढ वाकडी वाढून तिला टोक आलेलं, ते जिभेत रुतत होतं. डॉक्टर काही बोलले नाहीत, मला ती जखम दाखवली फक्त. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, आधी लेंड्या बघायच्या, मग मूडबद्दल बोलायचं.

बघायच्या म्हणजे काय तर, वाटाण्याएवढ्या, गोल, एकसारख्या, कोरड्या, फोडली तर आत गवताचा भुगा. तरुण सशाच्या दिवसाला २००-३०० सहज होतात, त्यामुळे मोजायच्या नाहीत, रोजच्यापेक्षा ढीग कमी आहे का एवढंच. बारीक झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, केसांनी एकमेकींना माळेसारख्या लटकल्या, तर लक्ष ठेवा आणि सुकं गवत वाढवा, तसंही सशाच्या खाण्यातला बराच मोठा भाग, ८० टक्के तरी, गवतच पाहिजे. द्राक्षाच्या घोसासारखा मऊ चकचकीत झुबका कधी दिसला तर घाबरू नका, तो ससा एरवी परस्पर तोंडाने घेऊन खातो, त्यात त्याची जीवनसत्त्वं असतात. पाहुण्यांसमोर खातो हा वेगळा विषय.

ढोबळ हिशोब असा ठेवा, आठवड्या-आठवड्यांत हळूहळू बदललेला स्वभाव बहुतेक वयाचा असतो, ठमीसारखा. एका रात्रीत बदललेला दुखण्याचा. तिसराही एक प्रकार आहे, तो पुढच्या पत्रात.

प्रश्न : मी बारावीत आहे. माझा ससा पाच महिन्यांचा आहे आणि तो माझा अपमान करतो असं मला वाटतं, हसू नका प्लीज. मी त्याला उचलून जरा वेळ कुशीत घेतलं आणि खाली ठेवलं की तो दोन उड्या मारून लांब जातो, माझ्याकडे पाठ करून बसतो, आणि जाताना मागचे पाय असे झटकतो, म्हणजे माझ्या अंगावर धूळ उडवल्यासारखे. मग दुपारभर बोलवलं तरी येत नाही. पण आईकडे जातो! आई तर त्याला कधी हातसुद्धा लावत नाही.

उत्तर : हसले, सॉरी. पण तू बघितलंयस मात्र अगदी बरोबर. पाय झटकत जाणं म्हणजे सशांच्या भाषेत 'हॅट्!' आणि पाठ करून बसणं म्हणजे 'मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये'. तो खरोखरच तुझ्यावर नाराज आहे, आणि कारण तू स्वतःच लिहून पाठवलंयस, उचलून कुशीत घेतलं.

उचललेलं बहुतेक सशांना आवडत नाही रे. त्यांना आयुष्यात जमिनीवरून वर उचलून नेणारं जे भेटतं ते खाणारंच असतं. शिवाय त्यात धोकाही आहे. सशाच्या मागच्या पायात ताकद भयंकर आणि हाडं मात्र नाजूक, सगळा सांगाडा मिळून वजनाच्या सात-आठ टक्के, त्यामुळे हातात असताना त्याने जोरात लाथ झाडली आणि मागचा भाग नीट धरलेला नसला तर स्वतःच्याच लाथेने त्याचा कणा मोडू शकतो. म्हणून उचलायचंच असेल, डॉक्टरकडे न्यायला वगैरे, तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी घट्ट. कान धरून कधीच नाही, ती जादूगाराची चित्रं विसरून जा.

आईचं रहस्य तूच लिहिलंयस, ती हात लावत नाही. तिच्याजवळ गेलं तरी काही होत नाही हे त्याला माहितीये. तूही हेच कर. रोज अर्धा तास जमिनीवर पालथा पड आणि पुस्तक वाच, बारावी आहे तर अभ्यासच कर, दोन्ही कामं होतील. त्याच्याकडे बघू नकोस, हाक मारू नकोस. पहिल्या दिवशी लांबून बघेल. मग मान पुढे ताणून, मागचे पाय मागेच ठेवून, अंग रबरासारखं लांब करून तुझं कोपर हुंगेल आणि पळून जाईल, त्याचे मागचे पाय म्हणजे रिव्हर्स गिअर, ते तयार ठेवूनच तो पुढे येतो. तरीही हलायचं नाही. एखाद दिवशी नाकाने ढोसेल, त्याचा अर्थ 'सरक' किंवा 'चोळ', दोन्ही होतात, आणि कुठला ते तुला कळायला लागेल. डोकं जमिनीला टेकवून तुझ्यासमोर नुसता बसून राहिला तर तो हुकूम समजायचा, कपाळ चोळ.

मूडचा तिसरा प्रकार तो हा. यात वयही नाही, आजारही नाही, तुझ्या वागण्याला दिलेलं साधं सरळ उत्तर आहे. असा रुसवा काही तासांत, फार तर एखाद दिवसात जातो. तोपर्यंत माफी मागायला मागे मागे फिरू नकोस, मी फिरायचे, अजून पाय झटकून घेतले.

प्रश्न : दोन्ही बहिणी आहेत असं सांगून आम्हाला दोन ससे दिले, आता सहा महिन्यांचे आहेत. आधी एकमेकींना चाटत बसायच्या, आता एक दुसरीवर चढते, केस उपटते, पाठलाग करते. आणि कालपासून दुसरीने नवीनच सुरू केलंय, तोंडात गवत भरून कोपऱ्यात नेते, स्वतःच्या गळ्याखालचे केस उपटून तिथे अंथरते, आणि आम्ही जवळ गेलो की अंगावर येते. नैराश्य आलं असेल का तिला?

उत्तर : नैराश्य बाजूला ठेवा आणि आजच्या आज दोघींना वेगळं करा, मग 'दोघी' आहेत का ते डॉक्टरकडून तपासून घ्या. लहानपणी नर-मादी ओळखण्यात चूक होणं इतकं सर्रास आहे की मी तर कुणी 'बहिणी' म्हटलं की आधी तोच प्रश्न विचारते. नराच्या वृषणांच्या गोट्या साधारण अडीच-तीन महिन्यांनी खाली उतरतात, त्याआधी भलेभले फसतात.

पहिला नर निघाला तर ही घरट्याची तयारी खरी आहे. सशांचे दिवस ३०-३२ असतात आणि केस उपटणं अगदी शेवटी, एक-दोन दिवस आधी सुरू होतं, म्हणजे तुम्ही हे वाचेपर्यंत पिल्लं झालीसुद्धा असतील. नराला लगेच लांब ठेवायला सांगतेय ते यासाठी की मादी व्यायल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. आणि आई पिल्लांजवळ दिवसभर फिरकत नाही म्हणून 'टाकून दिली' असं समजून पिल्लं उचलू नका, सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते, तिची पद्धतच आहे तशी. पोटं गोल आणि ताठ दिसली म्हणजे पाजलंय.

खरंच दोघी माद्या असतील तर हा खोटा गर्भ. माद्याही एकमेकींवर चढतात, तो वर्चस्वाचा भाग असतो, पण सशिणीच्या शरीरात अंडं सुटतंच मुळी अशा चढण्याने, त्यामुळे नर नसतानाही शरीराची समजूत होते की दिवस गेलेत. हे साधारण १६-१८ दिवस चालतं. तेवढे दिवस तिचं घरटं मोडू नका, पसारा वाटला तरी राहू दे, मोडलंत तर ती पुन्हा केस उपटून पहिल्यापासून बांधेल. खाणं चालू आहे ना तेवढं बघा.

पुढे दोघांचंही ऑपरेशन, आणि नराचं झाल्यावरही सहा आठवडे वेगळंच ठेवा, तो लगेच निर्धोक होत नाही. दरम्यान मधे जाळी ठेवून शेजारी शेजारी राहू दे, म्हणजे वास ओळखीचा राहतो. पुन्हा एकत्र करताना दोघांनाही नवीन अशा जागेत करा, कुणाच्याच मालकीची नसलेली. एकदम पिंजऱ्यात सोडू नका, सशांच्या मारामाऱ्या दिसायला कापसाच्या गोळ्यांच्या असतात पण कातडी फाटते.

प्रश्न : पाच महिन्यांचा नर. दिवसा झोपाळू, पहाटे पाचला पिंजऱ्याचे गज चावून घर डोक्यावर घेतो. सध्या केस खूप गळतात आणि ब्रश केला की चिडतो. कधी कधी रात्री धाड् धाड् पाय आपटतो, उगाचच. हा मूडीपणा मोठा झाल्यावर जाईल का?

उत्तर : पहाट आणि संध्याकाळ याच सशाच्या उठायच्या वेळा, त्या जाणार नाहीत. संध्याकाळी तीन-चार तास मोकळा पळवा, रात्री झोपताना गवताचा मोठा भारा टाका, खायला असलं की गज थोडे कमी चावतो. थोडे.

केसांचं म्हणाल तर पिल्लाचे केस जाऊन मोठेपणाचे यायचे दिवस आहेत हे, कातडी हुळहुळी होते, ब्रश ओढला की राग येणारच. ओल्या हाताने सुटलेले केस काढा, एका वेळी पाच मिनिटं, पोटाला आणि पायांना हात न लावता. आंघोळ घालू नका. गवत भरपूर, कारण चाटून चाटून केस पोटात जातात आणि ते त्याला ओकता येत नाहीत.

पाय आपटणं उगाचच नसतं हो. ती धोक्याची घंटा आहे, बिळात सगळ्यांना ऐकू जावी म्हणून. सशाचं काळीज म्हणतो आपण भित्र्या माणसाला, पण इथे तो स्वतः घाबरलेला असूनही तुम्हाला सावध करतोय. उठून दिवा लावा, त्याच्याशी दोन शब्द हळू आवाजात बोला, खोलीत काय नवीन आहे ते बघा. नवा वास, नवी सावली, बाहेर एखादं मांजर. आमच्या एका पठ्ठ्याने सलग दोन रात्री असं सगळ्या घराला जागं ठेवलं होतं. खिडक्या बघितल्या, कपाटामागे बघितलं, काहीच नाही. तिसऱ्या रात्री मी वैतागून त्याच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले आणि तो बघत होता तिकडे बघितलं, तर दारामागच्या खुंटीवर वाळत टाकलेला काळा रेनकोट, टोपीसकट, पंख्याच्या वाऱ्यावर हलत होता. काढून बाथरूममध्ये टाकला. पाच मिनिटांत हा कुशीवर धपकन आडवा, पाय लांब करून.